वर्गणीवर चालणारं स्वतंत्र काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपलं लिखाण, ऑडिओ, व्हिडिओ किंवा शिकवणी थेट वाचक-श्रोत्यांच्या वर्गणीवर चालवू पाहणाऱ्या मराठी मंडळींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. अशा छोट्या कामांचे हिशेब आणि नूतनीकरणं सांभाळण्यात माझा बराच वेळ जातो, त्यामुळे उत्तरांत आकडे जास्त आहेत. जाहिराती आणि प्रायोजक हा वेगळा व्यवसाय आहे, तो इथे घेतलेला नाही. कर आणि कायद्याबद्दल जे लिहिलंय ते भारतात राहून काम करणाऱ्यांसाठी आहे.

मराठी माणूस अशा गोष्टींसाठी पैसे देतो का?

देतो, आणि फार आधीपासून देत आलाय. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळीला फराळाबरोबर अंक विकत घेणारी घरं आपल्याकडे आहेत. मासिकं आणि साप्ताहिकं तर वार्षिक वर्गणीवरच उभी राहिली. तालुक्याच्या गावातला शिक्षक पोस्टात जाऊन वर्गणीची मनीऑर्डर करायचा आणि अंक यायला उशीर झाला की संपादकाला कार्ड टाकायचा. आजही तीन-चारशे रुपयांचा दिवाळी अंक घेणारा वाचक आहे. तेव्हा 'मराठीत कोणी पैसे देत नाही' हे विधान मला मान्य नाही.

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८.३ कोटी लोक नोंदले गेले. हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका, त्याचा तुमच्या कामाशी संबंध नाही. तुम्हाला तीनशे, चारशे, फार तर हजार माणसं हवी आहेत, आणि ती दरवर्षी परत यायला हवी आहेत. पैसे न देणाऱ्यांपैकी बरेच जण कंजूष नसतात. पैसे भरल्यावर नक्की काय मिळणार आणि कधी मिळणार हे त्यांना कोणी नीट सांगितलेलं नसतं.

कोणत्या विषयावर वर्गणी मिळते?

लोक दोन कारणांनी वर्गणी भरतात : गरज किंवा जिव्हाळा. दोन्हींचा हिशेब वेगळा असल्यामुळे सुरुवातीलाच आपण कशात आहोत हे ठरवावं.

गरजेचं उदाहरण म्हणून सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसाठी चालवलेलं एक पाक्षिक न्यूजलेटर डोळ्यासमोर आणा. महाराष्ट्रात अशा संस्था लाखाहून जास्त आहेत. सचिव बहुतेक वेळा नोकरी सांभाळून हे काम करतो आणि चूक झाली की बोलणी खातो. त्याचं वर्ष ठरलेलं असतं. ३१ मार्चला हिशेब बंद, ३१ जुलैपर्यंत लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा, त्या सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी. मधल्या काळात प्रश्न येतात. भाड्याने दिलेल्या सदनिकेवर बिनभोगवटा शुल्क किती लावता येतं? सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत. पुनर्विकासाचा ठराव कसा मांडायचा? मानीव अभिहस्तांतरणाला (बिल्डरने करून न दिलेली जमीन-इमारतीची मालकी संस्थेच्या नावावर करून घ्यायला) कोणती कागदपत्रं लागतात? जून महिन्यातल्या अंकात लेखापरीक्षणाची यादी आणि ऑगस्टच्या अंकात सभेच्या नोटिशीचा तयार मसुदा आला, तर त्या सचिवाला वर्षाची वर्गणी एका दिवसात वसूल झाल्यासारखी वाटते. हा विषय कुणाला रंजक वाटणार नाही, पण तो चालतो, कारण गरज दरवर्षी त्याच तारखांना परत येते.

स्पर्धा परीक्षेची तयारी हीसुद्धा गरजच, पण ती संपते. उमेदवार पास झाला तरी जातो आणि नाद सोडला तरी जातो. तिथे दरवर्षी जवळपास नवीन मंडळी जमवावी लागतात.

कथावाचन, संगीतावरच्या गप्पा, गडकिल्ल्यांचा इतिहास, कविता हा जिव्हाळ्याचा प्रांत. इथे पैसे भरणारे टक्क्याने कमी असतात, पण एकदा आले की वर्षानुवर्षं राहतात. ते माहितीसाठी आलेले नसतात, तुमच्या आवाजासाठी आणि नजरेसाठी आलेले असतात. माझा कल विचाराल तर याच बाजूला आहे. मात्र हा रस्ता सावकाश जातो, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

'हजार खरे चाहते पुरतात' असं म्हणतात. मला नक्की किती सभासद लागतील?

ही कल्पना अमेरिकी लेखक केव्हिन केली यांनी २००८ साली मांडली. त्यांचा हिशेब होता हजार माणसं, प्रत्येकी वर्षाला शंभर डॉलर. आपल्याकडे वर्षाला शंभर डॉलर देणारा मराठी वाचक विरळा. म्हणून हिशेब रुपयांत आणि उलट बाजूने मांडा : आधी घरी किती लागतात ते, मग माणसं.

समजा, घरी महिना ४०,००० रुपये यायला हवेत आणि कामाचा खर्च (संपादनाची मदत, इंटरनेट, सॉफ्टवेअर, माइकची दुरुस्ती) ६,००० रुपये आहे. म्हणजे ४६,००० जमायला हवेत. वर्गणी महिना १४९ रुपये. स्वतःच्या वेबसाइटवर पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा) लावला तर साधारण दोन टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेतीन रुपये जातात आणि हातात १४५.४८ राहतात. भागाकार केला की ३१६ पेक्षा थोडे जास्त, म्हणजे ३१७ सभासद. हीच मंडळी यूट्यूबच्या सभासदत्वातून आली तर यूट्यूब ७० टक्के देतं, तेही स्थानिक कर वजा करून. म्हणजे माणशी जास्तीत जास्त १०४.३० रुपये आणि किमान ४४२ सभासद. आयकर अजून बाजूलाच आहे.

हे गणित कागदावर करा. बरेच जण ते करत नाहीत आणि दोनशे सभासद झाल्यावर गोंधळतात, की एवढी माणसं असूनही पैसे का पुरत नाहीत.

दर महिन्याला नवीन सभासद येतात, तरी एकूण आकडा एका जागी अडकलाय. काय चुकतंय?

बहुधा काही चुकत नाहीये, गणित आपलं काम करतंय. संपूर्ण पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

समजा दर महिन्याला १५ नवीन सभासद येतात आणि आहेत त्यांतले ५ टक्के गळतात. शंभर सभासद असताना पाच जातात, म्हणजे दहाची भर पडते. दोनशे झाल्यावर दहा जातात आणि भर पाचावर येते. तीनशेच्या जवळ गेलात की पंधरा येतात आणि पंधरा जातात. तुमचा आकडा तीनशेच्या पुढे जाणारच नाही, कितीही वर्षं थांबलात तरी. शून्यापासून सुरुवात केली तर वर्षाअखेर साधारण १३८ सभासद असतील, दोन वर्षांनी २१२. वरच्या उदाहरणात आपल्याला ३१७ हवे होते. म्हणजे मेहनत करूनही हे काम घर चालवण्याइतकं होणार नाही.

आता नवीन येणारे तेच १५ ठेवा, फक्त गळती पाचावरून तीन टक्क्यांवर आणा. कमाल मर्यादा तीनशेवरून पाचशेवर जाते. एकही जास्तीची जाहिरात न करता.

म्हणून मी प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून एक साधी एक्सेल शीट ठेवायला सांगते. रांग प्रत्येक सभासदाची, रकाने चार : आला कधी, कुठून आला, गेला कधी, जाताना काय म्हणाला. शेवटच्या रकान्यासाठी सभासदत्व बंद करणाऱ्याला एकच ओळ पाठवायची : 'थांबण्याचं कारण कळवलंत तर पुढच्या कामाला उपयोग होईल.' परत या, सवलत देतो वगैरे काही जोडायचं नाही. लोक मोकळेपणाने उत्तर देतात. आणि मला सगळ्यात जास्त दिसणारं उत्तर 'महाग आहे' हे नाही. ते आहे 'वाचायला वेळ होत नाही, नुसतं साठत चाललंय.'

यातून निघणारा मार्ग पहिल्यांदा उलटा वाटतो. गळती वाढली की आपण घाबरून जास्त देऊ लागतो. आठवड्याला एकाऐवजी दोन अंक, वर बोनस ऑडिओ. न वाचलेल्याचा ढीग आणखी वाढतो आणि माणूस आणखी लवकर जातो. त्याऐवजी अंक कमी करा, लांबी आवरा, महिन्यातून एकदा 'या महिन्यात एवढंच वाचलंत तरी पुरे' अशी निवडक यादी पाठवा. नवीन सभासदाला सगळा जुना साठा एकदम न दाखवता पहिल्या आठवड्यात तीनच चांगल्या गोष्टी द्या. पहिल्या महिन्यात ज्याने काहीच उघडलं नाही, तो फार काळ राहत नाही. त्याला स्वतः दोन ओळी लिहा.

दर किती ठेवावा? मासिक चांगला की वार्षिक?

दोनच पर्याय ठेवा : मासिक आणि वार्षिक. चांदी-सोनं-हिरा असे पाच प्रकार केलेत की प्रत्येकाला काय कबूल केलंय ते सांभाळण्यातच आठवडा जातो. वार्षिक दर दहा महिन्यांइतका ठेवण्याची पद्धत योग्य आहे. मासिक १४९, तर वार्षिक १,४९०.

मी वार्षिकच्या बाजूची आहे. मासिक सभासद वर्षातून बारा वेळा 'चालू ठेवू का' असा विचार करतो, वार्षिक सभासद एकदाच. शिवाय मराठी वाचकाला वार्षिक वर्गणी ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. वर्गणी मोहीम दसरा ते दिवाळी या काळात घेतलीत तर हातात बोनस असतो आणि अंक घेण्याची सवयही त्याच दिवसांतली.

खूप कमी दरही ठेवू नका. २९ रुपयांत हजार माणसं सांभाळणं हे १४९ रुपयांत दोनशे सांभाळण्यापेक्षा किती तरी जास्त काम आहे. पत्रं, तक्रारी, विसरलेले पासवर्ड हे सगळं डोक्यांच्या संख्येने वाढतं, रुपयांच्या नाही. विद्यार्थ्यांना किंवा अडचणीत असलेल्यांना सवलत द्यायची असेल तर मागेल त्याला द्या, पुरावा मागू नका.

आजीव वर्गणी मात्र कधीही घेऊ नका. आपल्या नियतकालिकांच्या इतिहासातला हा सगळ्यात महाग धडा आहे. सुरुवातीला एकरकमी पैसा दिसतो, तो छपाईत आणि जुन्या देण्यांत संपतो, आणि पुढची वीस वर्षं कागद आणि टपाल महाग होत असताना त्या वाचकाला अंक पाठवत राहावं लागतं. डिजिटल कामात टपालखर्च नसतो, पण तुमचं वय आणि वेळ तर असतोच.

दिवाळीत शंभर वार्षिक वर्गण्या एकदम आल्या. दीड लाख रुपये आहेत. नवीन कॅमेरा घेऊ?

थांबा. ते पैसे अजून तुमचे झालेले नाहीत. वार्षिक वर्गणी म्हणजे मुकादमाकडून घेतलेली उचल, काम अजून फिटायचं आहे. वेगळं बचत खातं उघडा, १,४९,००० रुपये तिथे ठेवा आणि दर एक तारखेला त्यातला बारावा हिस्सा, म्हणजे साधारण १२,४०० रुपये, आपल्या खात्यात घ्या. तेवढीच तुमची त्या महिन्याची कमाई. मे महिन्यात नवीन वर्गण्या आटतात तेव्हा याच खात्यावर घर चालतं. कुणाला वर्गणी परत करायची वेळ आली तरी पैसे हातात असतात.

यूट्यूब, पेट्रिऑन, सबस्टॅक की स्वतःची वेबसाइट?

बघणारे यूट्यूबवरच असतील तर यूट्यूब सोपं. चॅनल सभासदत्व सुरू करायला ५०० सबस्क्रायबर, गेल्या ९० दिवसांत तीन सार्वजनिक व्हिडिओ आणि वर्षभरात व्हिडिओ एकूण ३,००० तास पाहिले गेलेले असणं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज) ही अट आहे. तोटा वाट्याचा तर आहेच, पण मोठा तोटा हा, की सभासदांचे ईमेल तुमच्याकडे येत नाहीत. उद्या चॅनलवर काही संकट आलं तर ती माणसं तुम्हाला सापडणार नाहीत.

पेट्रिऑन हे सभासदांकडून वर्गणी घेण्याचं संकेतस्थळ २०१३ पासून आहे आणि ऑगस्ट २०२५ नंतर येणाऱ्या नव्या निर्मात्यांकडून १० टक्के घेतं, पेमेंटचं शुल्क वेगळं. परदेशातले सभासद जास्त असतील तर ते बरं. ईमेलने पत्रं पाठवण्यासाठीचं सबस्टॅकही १० टक्के घेतं, पण त्याचे पैसे स्ट्राइप या पेमेंट कंपनीमार्फत येतात आणि स्ट्राइपने २०२४ पासून भारतात नवीन खाती निमंत्रणावरच ठेवली आहेत. त्यामुळे भारतात बसून सबस्टॅकवर मोफत पत्र चालवता येतं, पैसे घेणं अवघड. अनेक जण सहा महिने तिथे वाचक जमवतात आणि मग हे कळतं.

भारतातल्या सभासदांसाठी स्वतःची साधी वेबसाइट, त्यावर भारतीय पेमेंट गेटवे आणि यूपीआय ऑटोपे (वर्गणी ठरल्या तारखेला आपोआप कापली जाण्याची सोय), ही माझी शिफारस. सुरुवातीला त्रास होतो, एखाद्या जाणकाराला पैसे देऊन बसवून घ्यावं लागतं. पण यादी तुमची राहते.

क्यूआर कोड पाठवून स्क्रीनशॉट मागवला तर नाही का चालत?

पहिल्या तीस-चाळीस माणसांपर्यंत चालतं. पुढे कोणाची मुदत कधी संपली हे कळेनासं होतं, आणि दर महिन्याला आठवण करणं हे देणाऱ्याला आणि मागणाऱ्याला दोघांनाही अवघड वाटतं. जुना स्क्रीनशॉट तारीख कापून पुन्हा पाठवण्याचे प्रकारही होतात. खात्याचं म्हणाल तर कामाचे पैसे घरखर्चाच्या खात्यात घेऊ नका. चालू खात्यासाठी बँक बहुधा उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मागते. ती सरकारी पोर्टलवर विनामूल्य होते, एजंटला हजार-दीड हजार देण्याची गरज नाही.

ऑटोपे लावलं, तरी दर महिन्याला काही वर्गण्या अडकतात. का?

भारतातला नियम समजून घ्या. आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना ग्राहकाला किमान २४ तास आधी गेलीच पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. मँडेट (आपोआप पैसे कापण्याची परवानगी) देताना एकदा पिन किंवा ओटीपी लागतो, नंतर १५,००० रुपयांपर्यंत लागत नाही. म्हणजे तुमच्या सभासदाला दर महिन्याला बँकेचा मेसेज येतो, 'उद्या १४९ रुपये कापले जातील', आणि त्याच क्षणी तो ठरवतो. त्या मेसेजच्या दोन-तीन दिवस आधी तुमचा महिन्यातला सगळ्यात चांगला अंक त्याच्याकडे गेलेला असावा. वेळापत्रक एवढं बदललं तरी फरक पडतो.

दुसरं कारण म्हणजे खात्यात पैसे नसणं. २५ ते ३० तारखेच्या वसुल्या जास्त फसतात. वसुलीची तारीख ३ ते ७ च्या दरम्यान घ्या. ऑगस्ट २०२५ पासून एका ऑटोपे व्यवहारासाठी एक प्रयत्न आणि फार तर तीन फेरप्रयत्न एवढीच मुभा आहे, तेही गर्दीच्या वेळा (सकाळी १० ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री साडेनऊ) सोडून. चारही प्रयत्न फसले की माणूस न सांगता यादीतून गळतो, आणि त्याला स्वतःलाही ते माहीत नसतं. अशांना दुसऱ्या दिवशी नव्या लिंकसह नम्र निरोप पाठवा. ते रुसून गेलेले नसतात, बरेचसे परत येतात.

सगळंच कुलूपबंद केलं तर नवीन लोक कसे येणार? आणि मोफत ठेवलं तर पैसे कोण देणार?

शोधून सापडेल असं, आणि वाचून दुसऱ्याला पाठवावंसं वाटेल असं मोफत ठेवा. ज्याला तुमचा वेळ लागतो आणि जे पुन्हा पुन्हा उघडावं लागतं, ते सभासदांसाठी. गृहनिर्माण संस्थेच्या उदाहरणात बिनभोगवटा शुल्कावरचा लेख मोफत, ठरावाचा मसुदा आणि महिन्याचं प्रश्नोत्तर सभासदांना. कथावाचनात पहिला भाग मोफत, पूर्ण मालिका सभासदांना. अर्धवट तोडून 'पुढचं वाचण्यासाठी पैसे भरा' ही पद्धत मला पटत नाही. मोफत दिलेली गोष्ट स्वतःत पूर्ण असावी.

अंकाची पीडीएफ व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फिरतेय. काय करू?

पीडीएफवर सभासदाचं नाव बारीक अक्षरात छापा, एवढ्याने बरंच थांबतं. जिथे फिरतेय तिथे ग्रुपच्या अॅडमिनला शांतपणे लिहा. त्यापुढे पोलिसगिरीत शक्ती घालवू नका. थेट सत्र, प्रश्नाला मिळालेलं उत्तर आणि शोधता येणारा जुना साठा या गोष्टी फॉरवर्ड होत नाहीत.

परदेशातल्या मराठी लोकांना कसं जोडायचं?

त्यांना वेळ आणि पैसे भरण्याची सोय, दोन्ही नीट लागतात. भारतात शनिवारी रात्री साडेआठला थेट कार्यक्रम ठेवलात तर न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे अकरा आणि हिवाळ्यात दहा वाजलेले असतात, लंडनमध्ये दुपार. भारतातलेही जेवणं उरकून बसतात. सिडनीला मात्र मध्यरात्र उलटून गेलेली असते, त्यांच्यासाठी रेकॉर्डिंग ठेवा. विषय निवडताना बघा, की तिथल्या आईवडिलांना मुलांसाठी मराठी गोष्टी, वाचन आणि सणांमागचं सांगणं लागतं. मराठी शाळा चालवणाऱ्या मंडळांशी बोला.

पैशांसाठी पेपॅल चालतं. पेपॅलने एप्रिल २०२१ पासून भारतांतर्गत व्यवहार बंद केले असले, तरी परदेशातून पैसे घेता येतात. दर वेगळा आणि डॉलरमध्ये ठेवा. आलेल्या प्रत्येक रकमेचं बँकेचं किंवा पेमेंट कंपनीचं प्रमाणपत्र जपून ठेवा. यूट्यूबवर अमेरिकेतले प्रेक्षक असतील तर गूगलच्या खात्यात कराची माहिती भराच. भरली तर अमेरिकी प्रेक्षकांकडून आलेल्या भागावर भारत-अमेरिका कर करारानुसार १५ टक्के कापले जातात. न भरल्यास जगभरच्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते.

कराचं काय?

वर्गणीचं उत्पन्न 'व्यवसाय किंवा पेशा' या सदरात जातं. त्यातून माइक, इंटरनेट, संपादकाचं मानधन असा कामाचा खर्च वजा होतो, म्हणून बिलं ठेवा. वर्षाचा कर १०,००० रुपयांच्या वर जाणार असेल तर आगाऊ कर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च अशा चार हप्त्यांत भरायचा असतो. नोकरदार असताना हे काम कंपनी करत होती, त्यामुळे पहिल्या वर्षी विसरायला होतं.

सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि या उलाढालीत परदेशातून आलेली वर्गणीही धरली जाते. ती निर्यात म्हणून करमुक्त राहू शकते, पण नोंदणीतून सुटका नाही. त्या दिवसापासून १४९ मध्ये कर धरलेला असेल तर जवळपास २३ रुपये सरकारचे. पंधरा लाखांच्या आसपास पोहोचलात की सनदी लेखापालाकडे जा, वीस ओलांडल्यावर नको.

गाजलेल्या लेखकांच्या कथा वाचून वर्गणी घेऊ शकतो का? शेअर बाजाराच्या टिप्स?

लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं साहित्य २०११ पासून मुक्त आहे. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, म्हणजे २०६० संपेपर्यंत हक्कधारकांच्या लेखी परवानगीशिवाय नाही. 'आम्ही श्रेय देतो' हे पुरेसं नसतं. जिवंत लेखकांना विचारा आणि वर्गणीतला वाटा द्या. अनेक जण आनंदाने हो म्हणतात.

शेअरच्या टिप्स सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) नोंदणीशिवाय पैसे घेऊन देता येत नाहीत. 'फक्त शिक्षण' असं नाव दिलं तरी चालू भाव वापरता येत नाहीत, जानेवारी २०२५ मध्ये सेबीने शिकवण्यातही तीन महिन्यांपेक्षा ताजे भाव वापरायला मनाई केली.

सुट्टी घेतली तर लोक जातील का?

न सांगता घेतली तर जातील. आपल्या मासिकांनी यावर फार पूर्वीच उपाय काढलाय : जोडअंक. वर्षाला बारा नव्हे, दहा अंक देईन असं पहिल्याच दिवशी लिहा. मे-जूनचा जोडअंक आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा दिवाळी विशेष. गणपतीत पाच दिवस फोन बंद, हेही लिहा. कबूल केलेलं कमी असावं आणि ते चुकू नये. आजारपणासाठी दोन अंक तयार करून बाजूला ठेवा आणि स्वतःचा आरोग्यविमा नोकरीत असतानाच काढा. कंपनीचा विमा राजीनाम्याबरोबर जातो.

नोकरी कधी सोडावी?

वार्षिक सभासदांची पहिली फेरी नूतनीकरणाला येईपर्यंत सोडू नका. पहिल्या वर्षी ओळखीचे, नातेवाईक, जुने सहकारी कौतुकाने वर्गणी भरतात. दुसऱ्या वर्षी कोण भरतो हा खरा आकडा. शंभरातले साठ-पासष्ट परत आले तर काम उभं राहतंय असं मी समजते. चाळीसच्या खाली असेल तर आणखी एक वर्ष नोकरी सांभाळून विषय, लांबी आणि वेळापत्रक बदलून बघा. याशिवाय घरखर्चाचे नऊ महिने वेगळे हवेत. अर्धवेळ नोकरी किंवा महिन्याला एक ठरलेलं बाहेरचं काम ठेवणं यात कमीपणा नाही. उलट भाड्याची चिंता नसेल तर माणूस घाईघाईत सवलती जाहीर करत नाही.

कुणाला सभासदत्व रद्द करायचं असेल, किंवा मलाच काम बंद करायचं असेल तर?

सभासद होणं जितक्या क्लिकमध्ये होतं, तितक्याच क्लिकमध्ये बाहेर पडता आलं पाहिजे. रद्द करण्याचं बटण लपवणं हे २०२३ च्या ग्राहक संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत फसवी प्रथा म्हणून नोंदलेलं आहे. वार्षिक सभासदाने मधेच पैसे मागितले तर उरलेल्या महिन्यांचे द्या, वाद घालू नका.

काम बंद करायचं ठरलं तर क्रम असा ठेवा. आधी नवीन वर्गण्या बंद. मग गेटवेवरची सगळी चालू मँडेट स्वतः रद्द करा, सभासदांवर सोडू नका, नाहीतर काम थांबल्यावरही पैसे कापले जातात. त्यानंतर सगळ्यांना एकच पत्र : कधी थांबतोय, उरलेल्या महिन्यांची किती रक्कम कोणत्या तारखेपर्यंत परत येईल, आणि जुने अंक कुठून उतरवून घेता येतील. ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवलेली असेल तर हे काम दोन आठवड्यांत पार पडतं. शेवटी सभासदांचे फोन आणि पत्ते पुसून टाका. ती यादी दुसऱ्या कुणाला देण्याचा अधिकार त्यांनी तुम्हाला दिलेला नाही.